चांद्याकडची गोधडी

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांची दौलत खालसा होऊन चांदा इंग्रजी अमलाखाली आला आणि १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू होऊन गिरणीचे कापड स्वस्त झाले, तरी आरमोरीच्या बाजूस ऐनाच्या झाडांवर कोसा पाळणाऱ्या ढिवरांचा परंपरागत व्यवसाय लोपला नाही. त्याची दखल सरकारी दप्तराने घेतली. गोधडीवर सारा नसल्यामुळे तिची कोण घेणार? वस्तुतः वस्त्रकलेचे खरे चातुर्य मला तिच्यातच दिसते. जीर्ण लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून, वर रंगीबेरंगी ठिगळे लावून, कडेपासून मध्याकडे चौकोनी फेऱ्यांनी धावदोरा घालीत गृहिणी ती शिवीत. सुती-रेशमी हा भेद सुईला कसला! दोरा ओढताना थर किंचित आक्रसत आणि पृष्ठभागावर बारीक सुरकुत्यांची नक्षी उमटे.