तारेची वहिवाट

अंबरनाथ-बदलापूरच्या पंचक्रोशीतील एखाद्या आगरी गावात हळदीच्या रात्री, मांडवाच्या दारी आंब्याचे टहाळे बांधून झाले, पाहुणेमंडळी जेवून उठली आणि धवलारणीने आपल्या थकलेल्या पण ठाम आवाजात धवळे म्हणून संपवले, म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यातील ढोल-ताशांच्या गर्दीतून जो तीक्ष्ण, किंचित कापरा, धातूच्या अंगाचा सूर एकाएकी वर उसळतो आणि वृद्धांपासून लेकुरवाळ्यांपर्यंत सर्वांना उठवून नाचायला लावतो, तो सूर बेंजोचा असतो. अमेरिकेतील कातड्याच्या तोंडाच्या बँजोशी या वाद्याचे नावापलीकडे काही नाते नाही. आडवी लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा, त्या तारांवर टंकलेखनयंत्रासारख्या कळांची रांग, आणि उजव्या हातातील नखी, एवढाच याचा संसार. मुंबईपासून कोकणपट्टीपर्यंत आणि ठाणे जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत ज्याच्यावाचून हळद किंवा गणपतीची मिरवणूक साजरी झाल्यासारखी वाटत नाही, ते हे वाद्य मूळचे इथले नाही. तरीही ते इथलेच झाले आहे, आणि ते कसे झाले याचा विचार करताना मला जमिनीच्या कज्ज्यांतील ‘वहिवाट’ हा जुना शब्द पुनःपुन्हा आठवतो. ज्याने जमीन कसली, तिला बांध घातला, तिच्यात विहीर पाडली, त्याच्या वहिवाटीला गावात मान असतो. वाद्याच्या बाबतीत ही वहिवाट सिद्ध करणारे दाखले तीनच : वादकाने बदललेली तार, त्याने स्वतःच्या कानाने ठरवलेली जुळवणी, आणि लाकडात त्याने आपल्या हाताने केलेला फेरफार.

हा मुलूखच अशा फेरफारांचा आहे. अंबरनाथला वालधुनीच्या काठी शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीत शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, जे शिवालय उभे राहिले त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर आज कारखान्यांची धुराडी दिसतात. स्वारीवर निघालेले मावळे येथे घोडे बदलीत म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे लोक अभिमानाने सांगतात. १८५६ मध्ये कल्याणपासून पळसदरीमार्गे खोपोलीकडे लोहमार्ग पडला आणि या गावांची मुंबईशी कायमची गाठ बांधली गेली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या कल्याण छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे उतरली. त्यांनी त्या बराकींत भिंती घातल्या, ओटे काढले, दुकाने थाटली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले, परंतु वस्तीच्या भागांना लोक आजही ‘कॅम्प नंबर’ म्हणूनच ओळखतात. सैनिकांची बराक निर्वासिताचे घर होते ती त्यात राहणाऱ्याने घातलेल्या भिंतीमुळे, आणि परके वाद्य आपले होते तेही याच न्यायाने.

तारेत आणि जुळवणीत वैयक्तिक आवडीला स्थान असावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. अंबरनाथच्या देवळानंतर दोनशे वर्षांच्या आत, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी श्रीकरणाधिप असलेल्या, म्हणजे राज्याच्या हिशेबाचे दप्तर ज्याच्या हाती होते अशा, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात एका तारेच्या एकतंत्रीपासून दोन तारांची नकुला, तीन तारांची त्रितंत्री, सात तारांची चित्रा, नऊ तारांची विपंची आणि एकवीस तारांची मत्तकोकिला अशी वीणांची नामावळी तर आहेच, पण त्यातील दोन गोष्टी आमच्या विषयाच्या मर्माशी जाऊन भिडतात. एक अशी की, एकतंत्रीच्या कासवाच्या पाठीसारख्या किंचित फुगीर पत्रिकेवर तार टेकते तेथे वेळूची बारीक चिपटी सरकवावी आणि तिच्यामुळे नादाला झंकार यावा, असे तो सांगतो, आणि त्या चिपटीला नाव देतो ‘जीवा’. दुसरी अशी की, स्वतःला ‘निःशंक’ म्हणवून घेणाऱ्या या ग्रंथकाराने आपल्या एका वीणेलाही ‘निःशंक’ हेच नाव दिले. एवढा मोठा शास्त्रकार, पण वीणेवर स्वतःची मुद्रा उमटवण्याचा मोह त्यालाही आवरला नाही, आणि तो आवरण्याचे त्याला कारणही वाटले नाही.

तीच जीवा आपल्या तंबोऱ्यात सुताच्या धाग्याचे रूप घेऊन आजही वसते. घोडीवर तारेखाली तो धागा केसाएवढा पुढेमागे सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, उघडते किंवा मिटते. एका गवयाला ती उघडी, गुंजारवाने भरलेली हवी असते, दुसऱ्याला मिटलेली, गोलसर हवी असते. पहिली तार सामान्यतः पंचमात लावतात, मालकंसासारख्या पंचमवर्जित रागासाठी ती मध्यमात उतरते, मारव्यासाठी निषादात चढते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये या फुगीर घोडीचा अभ्यास करून असे दाखवले की, पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राच्या प्रचलित नियमानुसार जे उपस्वर उमटूच नयेत तेही तिच्यावरील तारेतून उमटतात. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि २०२४ मध्ये तेथील सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या मुळाशी हीच विद्या आहे : ज्याचा गळा, त्याची जवारी.

ही विद्या दरबारापुरती मर्यादित नव्हती. ठाणे जिल्ह्यातील वारली वस्त्यांत कणसरी देवीच्या पूजेत भगत दोन भोपळ्यांची घांगळी हे तंतुवाद्य वाजवतो. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात विणेकरी उभ्याने पहारा देतो आणि वीणा जमिनीला न टेकता एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. आणि उल्हासनगरला जी माणसे आली त्यांच्या स्मृतीत तर तारेची एक अत्यंत हृद्य कथा होती. सिंधचे संतकवी शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) यांनी तंबोऱ्याला पाच तारांचे नवे रूप दिले, असे परंपरा मानते, आणि भिटशाह येथील त्यांच्या दर्ग्यात फकीर अजूनही त्या वाद्यावर त्यांची पदे गातात. यकतारो हे सिंधी भजनी परंपरेचे नित्याचे वाद्य. घर, शेत, दुकान मागे टाकून आलेल्या माणसांना यकताऱ्याची तार मात्र नव्या गावी पुन्हा लावता आली.

येथे क्षणभर दूरच्या समुद्राकडे पाहणे अप्रस्तुत ठरणार नाही. पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून उसाच्या मळ्यांत राबायला निघालेले मजूर ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाच्या जहाजातून ऑगस्ट १८७९ मध्ये होनोलुलूला उतरले. त्यांच्यात मान्युएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जुझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. त्यांनी मदैरातील लहानशा चार तारी वाद्याला हवाईतील कोआ लाकडाचे अंग दिले, राजा कालाकौआ याने त्याला राजाश्रय दिला, आणि युकुलेलेचा जन्म झाला. त्याच्या जुळवणीत पहिल्या क्रमाची तार खालच्या स्वराची नसून उंच स्वराची असते. तारा स्वरांच्या चढत्या क्रमाने न लावण्याची ही रीत आपल्या तंबोऱ्यातही आहे, कारण तेथेही मंद्र पंचमानंतर जोडाचे षड्ज वर चढतात आणि मग खर्जाची तार खोल उतरते. पुढे आतड्याच्या तारा जाऊन नायलॉनच्या आल्या, आणि काही वादकांनी उंच तार काढून तिच्या जागी खालच्या सप्तकाची जाड तार चढवली. एका पक्षाला उंच तारेची किणकिण प्रिय, दुसऱ्याला खालच्या तारेची भरदार बैठक प्रिय. वाद दीर्घकाळ चालू आहे, आणि तो चालू आहे म्हणूनच ते वाद्य जिवंत आहे.

बेंजोची कुळकथा याच धर्तीची. जपानमध्ये १९१२ साली, तैशो राजवटीच्या आरंभवर्षी, नागोया येथील गोरो मोरिता यांनी पारंपरिक कोतो वाद्याच्या कल्पनेला टंकलेखनयंत्राच्या कळांची जोड दिली आणि ‘तैशोगोतो’ निर्माण केले. ज्याला वाद्यशिक्षणाची सवड नाही अशा सामान्य माणसाने अल्पकाळात सूर वाजवावा, हा त्यामागचा सद्हेतू. जपानी व्यापाराबरोबर ते आशियाच्या बंदरांत उतरले. बलुचिस्तानात त्याची पेटी मोठी होऊन त्याचे ‘बेंजू’ झाले. हिंदुस्थानात त्याला जे नाव मिळाले त्याच्यातच त्याचे नवे नागरिकत्व उमटले आहे : ‘बुलबुल’ हा फारसी पक्षी आणि ‘तरंग’ ही संस्कृत लाट, जलतरंग-काष्ठतरंगाच्या चालीवर एकत्र आली आणि ‘बुलबुल तरंग’ झाले. नंतर बोलण्यात ‘बेंजो’ रूढ झाले, आणि २०१६ मध्ये रवी जाधव यांनी याच वादकांच्या जीवनावर त्याच नावाचा हिंदी चित्रपट केला.

येथल्या वादकाने या वाद्यात काय काय बदलले, याचे वर्णन सविस्तर केले पाहिजे, कारण खरी वहिवाट तेथे आहे. बुलबुल तरंगात मधल्या तारांवर गत वाजे आणि बाजूच्या तारा षड्ज-पंचमाची साथ करीत. दिवाणखान्यात ती साथ गोड वाटे, परंतु मिरवणुकीत ध्वनिक्षेपकातून तीच साथ गलबला करू लागली, तेव्हा अनेकांनी बाजूच्या तारा उतरवून ठेवल्या आणि मधल्या तारांवरच सर्व भार टाकला. या मधल्या तारा सर्व एकाच षड्जात लावाव्यात, की त्यांतली एक खालच्या सप्तकात उतरवावी, हा पहिला आवडीचा प्रश्न. एकाच स्वरातल्या तारा सूर टोकदार करतात, आणि खालची तार मिळवली की सुराला वजन येते. पण त्याच जाडीची आणि लांबीची तार एक सप्तक उतरवायची तर तिचा ताण चौथाईवर आणावा लागतो, तार लोंबते, कळेखाली खडखडते, आणि म्हणून तेथे जाड तार चढवणे प्राप्त होते. बारीक तार बोटाला हलकी आणि आवाजाला झणझणीत, पण हळदीच्या ऐन रंगात तुटण्याचे भय तिचेच अधिक. जाड तार टिकाऊ, पण तिला नखीचा जोर जास्त लागतो.

दुसरा प्रश्न पट्टीचा. एकटा वाजवणारा आपल्या कानाला रुचेल तेथे षड्ज धरू शकतो, परंतु कीबोर्ड आणि ट्रम्पेटच्या संगतीत बसायचे तर काळी एक की पांढरी चार, हे आधी ठरवून त्या पट्टीत तार चढवावी लागते. तिसरा प्रश्न लाकडाचा आणि विजेचा. तारांखाली चुंबकी पिकअप बसवला की पितळेची तार मुकी होते, कारण चुंबकाला पोलादाचाच स्पंद कळतो. तंबोऱ्यात खर्जाला शोभणारी पितळी तार बेंजोतून अशी विजेच्या हुकमाने हद्दपार झाली. पोकळ पेटी मोठ्या कर्ण्यापुढे ठेवली की शिट्टी मारू लागते, म्हणून कोणी तिच्यात कापड कोंबतो, तर कोणी पोकळ पेटीऐवजी भरीव फळी पसंत करतो. कळेने धरलेल्या स्वराला मींड नाही आणि तारेचा नाद चटकन विरतो, या दोन उणिवांवर वादकाने नखीच्या अतिजलद पुनरावृत्त आघातांनी उपाय काढला. तो कापरा, अखंड वाटणारा सूर जो आपण रस्त्यावरून जाताना ओळखतो, तो या उणिवेवरच्या उपायातून जन्मलेला आहे.

या वाद्यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्हींचा मी आदर करतो. पहिला आक्षेप शास्त्राचा : कळांनी बांधलेल्या ठरीव स्वरांत श्रुतींचा संहार होतो. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवले होते. मात्र त्याच काळात महाराष्ट्रातील नाट्यसंगीत आणि भजन हार्मोनियमच्याच आधाराने बहरले, आणि शेवटी दार उघडावे लागले. दुसरा आक्षेप गोंगाटाचा, आणि तो अधिक खरा आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला जी मनाई आहे ती आजारी माणसाच्या आणि तान्ह्या लेकराच्या हक्काची आहे, व ती पाळलीच पाहिजे. परंतु दोष कर्ण्याच्या आकाराचा आहे, तारेचा नाही. तयार ध्वनिमुद्रिका मोठ्याने वाजवणाऱ्या यंत्राच्या तुलनेत ज्याच्या बोटांना घट्टे पडले आहेत, ज्याने सकाळी बसून तारा बदलल्या आहेत, असा माणूस मिरवणुकीत आहे, ही गोष्ट समाजाच्या दृष्टीने लहान नाही.

माझा निर्वाळा असा आहे की, मत्तकोकिलेच्या एकवीस तारा, शाह लतीफांची पाचवी तार आणि हळदीच्या मांडवातील बेंजोची जाड केलेली तार या एकाच वंशाच्या आहेत. त्यांतील पहिली ग्रंथात नोंदली गेली, दुसरी भक्तांनी सांभाळली, तिसरी मात्र कोणी लिहून न ठेवल्यास तिच्या वादकाबरोबर नाहीशी होईल. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील वाचनालयांना, शाळांना आणि विशेषतः बेंजो पथकांतील वडीलधाऱ्या वादकांना माझी विनंती आहे : ज्या घरी जुना बुलबुल तरंग माळ्यावर पडला असेल, त्या घरच्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी त्याच्या तारा मोजाव्यात, त्यांची जाडी पाहावी, कोणती तार कोणत्या स्वरात लावीत असत ते घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, आणि वहीच्या एका पानावर तारीख घालून लिहून ठेवावे.