छप्पर नसलेल्या खोलीचा वास्तुविशारद

एखादी प्रसिद्ध वास्तू पाहायला गेलेला माणूस सहसा तिचा दर्शनी भाग न्याहाळतो, मान वर करून घुमट किंवा मनोरा पाहतो आणि परततो. चार्ल्स कोरिया यांच्या वास्तू अशा रीतीने पाहिल्या तर हाती फारसे लागत नाही. त्यांच्या बहुतेक वास्तूंमधील सर्वांत महत्त्वाच्या खोलीला छप्परच नसते. कुठे ती चौक असते, कुठे कुंड, कुठे गच्ची, तर कुठे नुसतीच आरपार जाणारी सावलीची वाट. उष्ण हवामानाच्या देशात सकाळी, संध्याकाळी आणि रात्री माणसाला उघड्यावर वावरणे आवडते. त्यामुळे आकाशाखालची मोकळी जागा ही चार भिंतींच्या खोलीइतकीच उपयोगाची असते, असा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. काळाच्या ओघात सर्वांत आधी धोक्यात येते तीही हीच जागा.

कोरिया यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबादला झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयानंतर त्यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी येथे शिक्षण घेतले आणि १९५८ मध्ये मुंबईत व्यवसायाला सुरुवात केली. १९८४ मध्ये ब्रिटनच्या वास्तुविशारदांच्या राजसंस्थेचे सुवर्णपदक आणि २००६ मध्ये पद्मविभूषण हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या वास्तू उभ्या राहिल्या त्या क्रमाने पाहत गेल्यास एकच विचार निरनिराळ्या रूपांत कसा फुलत गेला, हे ध्यानात येते.

साबरमतीच्या काठी

या सफरीचा प्रारंभ अहमदाबादच्या साबरमती आश्रमातून व्हावा. तेथील गांधी स्मारक संग्रहालयाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १९६३ मध्ये झाले. काम हाती आले तेव्हा कोरिया तिशीचेही नव्हते. सहा मीटर लांब व तितकेच रुंद असे चौरस, कोपऱ्यांवर विटांचे खांब आणि वर उतरते कौलारू छप्पर, एवढीच या वास्तूची मूळ मांडणी. असे अनेक चौरस एकमेकांना जोडलेले आहेत. काही भिंतींनी बंद केले आहेत, काही खुले आहेत, तर एका ठिकाणी पाण्याचा चौक आहे. खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी झडपा आहेत. खांबांवरच्या काँक्रीटच्या तुळया पन्हळीसारख्या असून छपरावरचे पावसाचे पाणी त्या वाहून नेतात. शेजारच्या 'हृदयकुंज'च्या साधेपणाला कुठेही बाधा येत नाही. दालन आणि अंगण यांत फिरताना आपण नेमके केव्हा आत आलो आणि केव्हा बाहेर पडलो, हे पाहुण्याला सांगता येत नाही.

दादर ते पेडर रोड

मुंबईकरांना 'पोर्तुगीज चर्च' या नावाने परिचित असलेले दादरचे अवर लेडी ऑफ साल्व्हेशन चर्च आज ज्या रूपात दिसते, ते १९७७ मध्ये पूर्ण झालेले कोरिया यांचे काम. बसमधून जाताना दिसतात ती त्याची धुराड्यासारखी उंच काँक्रीटची शिखरे. ती केवळ शोभेची नाहीत. आतली गरम हवा त्यांतून वर निघून जाते आणि बाजूच्या लहान चौकांतून थंड हवा आत येते. मुंबईच्या दमट उकाड्यावर शोधलेले हे उत्तर होते.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर पेडर रोडलगत 'कांचनजंगा' या इमारतीत मिळते. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत ३२ सदनिका आहेत. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो आणि समुद्रही तिकडेच दिसतो. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा तोडगा काढला होता. कोरिया यांनी तोच व्हरांडा उंचावर नेला. इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या खोबणीसारख्या कोरलेल्या आहेत. ही खासगी निवासी इमारत असल्याने ती रस्त्यावरूनच पाहावी लागते. तथापि, त्या गच्च्यांची रचना तेथूनही स्पष्ट दिसते.

भोपाळ, पुणे, जयपूर

भोपाळच्या बड्या तलावाकाठचे 'भारत भवन' १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते खुले झाले. येथे रस्त्यावरून जाणाऱ्याला इमारत जवळजवळ दिसतच नाही. उतारावर गच्च्या टप्प्याटप्प्याने तलावाकडे उतरत जातात आणि दालने त्यांच्या पोटात दडलेली आहेत. लोककला, आदिवासी कला आणि आधुनिक चित्रकला यांना एकाच छताखाली आणणाऱ्या या केंद्रात पाहुणा मात्र बराच वेळ छताबाहेरच असतो.

पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील 'आयुका' हे जयंत नारळीकर यांनी उभारलेल्या खगोलशास्त्र संस्थेचे संकुल. मधोमध कुंडासारखा चौक, काळ्या दगडाच्या भिंती आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे येथे आहेत. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या केंद्रस्थानी आकाशाला खुली जागा असावी, यापेक्षा समर्पक कल्पना सापडणे कठीण. ही संशोधन संस्था असल्याने एरवी भेटीसाठी आधी विचारणा करावी लागते. परंतु राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त ती सर्वसामान्यांसाठी खुली करण्याची परंपरा आहे.

जयपूरच्या 'जवाहर कला केंद्रा'ची आखणीही याच सुमाराची, १९८६ ते १९९२ या काळातली. सवाई जयसिंहाने वसवलेल्या शहराच्या नऊ चौरसांच्या आराखड्यावर ती बेतलेली आहे. प्रत्येक चौरस एका ग्रहाला वाहिलेला आहे. मूळ शहरात टेकडीमुळे एक चौरस बाजूला सरकवावा लागला होता, म्हणून येथेही एक चौरस सरकवलेला आहे; प्रवेश तेथूनच होतो. मधला चौरस रिकामा असून त्यात पायऱ्यांचे कुंड आहे.

बेलापूरचे अंगण

येथवरच्या वास्तू संस्थांच्या किंवा धनिकांच्या. सामान्यांच्या घरांसाठी हा विचार कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी नवी मुंबईत यावे लागते. बेटावरील गर्दी खाडीपलीकडे वळवावी, ही कल्पना कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात मांडली आणि पुढे कोरिया सिडकोचे मुख्य वास्तुविशारद झाले. सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मधील 'आर्टिस्ट व्हिलेज' ही वसाहत १९८०च्या दशकातील. येथे सात सात घरे एका लहान अंगणाभोवती मांडलेली आहेत आणि असे तीन गट मिळून एका मोठ्या अंगणाभोवती येतात. शेजाऱ्याशी सामाईक भिंत मुद्दामच ठेवलेली नाही. कुटुंब वाढेल तसे घर वाढवता यावे, त्यासाठी शेजाऱ्याची संमती लागू नये, हा त्यामागील हेतू.

आज तेथे जाणाऱ्याला उतरत्या छपरांची मूळ घरे मोजकीच दिसतात. बरीच घरे पाडून त्या जागी उंच पक्की घरे उभी राहिली आहेत. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची यामुळे निराशा होते. वास्तविक घर बदलणे हे या योजनेतच अनुस्यूत होते. पाहायचे ते अंगण. घरे बदलली तरी अनेक ठिकाणी अंगणे शिल्लक आहेत आणि ती आजही तेथील रहिवाशांच्या सामाईक वापरात आहेत.

मांडवीच्या तीरावरील कसोटी

पणजीच्या कांपाल भागातील 'कला अकादमी'त मात्र या मोकळ्या जागेची कठोर कसोटी लागली. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूला रूढ अर्थाने महाद्वार नाही. रस्त्यावरून येणारा माणूस मांडवाखालून चालत थेट मांडवीच्या काठी पोहोचतो. वाटेत दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह लागते, तेथे मारिओ मिरांडा यांनी भिंतींवर प्रेक्षकच रंगवले आहेत. नाटकाचे तिकीट नसलेल्यालाही येथे तासभर बसता येत असे.

खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने काँक्रीट खंगले. २०१९ मध्ये खुला रंगमंच पाडण्याची भाषा झाली, तेव्हा कलावंत आणि वास्तुविशारदांनी विरोध केला. कोरिया यांनी स्थापन केलेली संस्थाही त्यात पुढे होती. २०२१ मध्ये नूतनीकरणासाठी अकादमी बंद झाली. काम सुरू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. रात्रीची वेळ असल्याने जीवितहानी झाली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वास्तू पुन्हा खुली झाली. कामाच्या दर्जावरील वाद मात्र शमला नाही.

या घटनेत एक धडा आहे. भिंतीला तडा गेला तर तो दिसतो आणि त्याची दुरुस्ती मोजता येते. मोकळ्या जागेचे तसे नसते. सुरक्षेसाठी एक फाटक, सोयीसाठी एक पत्र्याची शेड, वाहनांसाठी थोडी जागा असे करता करता ती नाहीशी होते आणि तिची नोंदही कोणी घेत नाही. म्हणून कोरिया यांची कोणतीही वास्तू पाहायला जाणाऱ्याने दर्शनी भागाचे छायाचित्र घेण्याआधी मधला रिकामा चौक शोधावा. तेथे कोणी विनाकारण बसलेले आढळले, तर ती वास्तू अद्याप सुस्थितीत आहे असे खुशाल समजावे.