शरणपूरची आफ्रिकन मुले

आफ्रिकन लोकांच्या इतिहासातील इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांची चर्चा चालते तेव्हा महाराष्ट्राचे नाव सहसा निघत नाही. वास्तविक त्या इतिहासाची काही पाने आपल्याच मातीत लिहिली गेली आहेत.

मलिक अंबर आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू. गुलाम म्हणून तो मोखा, बगदाद असा विकला गेला. बगदादच्या धन्याने त्याला शिक्षण व इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवले. पुढे निजामशाहीत त्याला विकत घेणारा वजीर चंगीझखान हाही हबशीच होता! याच अंबरने १६०० नंतर कोसळती निजामशाही सावरली, १६१० मध्ये खडकी (पुण्याजवळची नव्हे, आजचे छत्रपती संभाजीनगर) वसविली आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मोगलांना दख्खन सुखाने गिळू दिली नाही. ज्या इस्लामी जगाने त्याला बाजारात उभे केले, त्यानेच त्याला सत्तेचे दारही उघडून दिले.

त्याच काळात गोव्यात पोर्तुगीजांच्या घरी मोझांबिकहून आणलेले गुलाम राबत होते. त्यांचा बाप्तिस्मा होई, पण धन्याची मालकी सुटत नसे. वेदीपुढे भाऊ आणि घरात चीजवस्तू, ही विसंगती आपल्या ख्रिस्तसभेने फार काळ खपवून घेतली. पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निःसंदिग्ध निषेध केला तो १८३९ मध्ये. अरब व्यापाऱ्यांकडे बोट दाखविताना आपण हे नजरेआड करू नये.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचे आरमार गुलामांची गलबते पकडू लागले. सोडविलेल्या मुलांपैकी अनेकांना मुंबईत उतरवून नाशिकजवळ शरणपूर येथे पाठविले जाई. तेथे प्रोटेस्टंट पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीने त्यांच्यासाठी आश्रम चालविला होता. (१९८७ पर्यंत नाशिक आपल्या पुणे धर्मप्रांतात होते, तरी ही कथा आपल्याकडे फारशी सांगितली गेली नाही.) मुले लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम व लोहारकाम शिकली.

यांतलाच एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ रोजी डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात निवर्तले. सोबतच्या आफ्रिकन मंडळींनी त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले. अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली. मग देह सुकवून त्यांनी तो शेकडो मैल खांद्यावरून समुद्रापर्यंत नेला. पुढारी होते सुसी आणि चुमा. चुमाचा बाप्तिस्मा मुंबईत झालेला, तर अब्दुल्ला सुसी तेव्हा मुसलमान होता. बागामोयोला पोहोचल्यावर देह उतरविला गेला तो आपल्या कॅथलिक मिशनमध्ये, होली घोस्ट संघाच्या धर्मगुरूंकडे! पुढे १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात देणाऱ्यांमध्ये जेकब होता.

१८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. शरणपूरचे कित्येक जण तेथे शिक्षक आणि कारागीर म्हणून गेले. आसपासच्या मुसलमान मालकांकडून पळालेले गुलाम त्यांच्या आश्रयाला येत आणि त्यावरून मोठे तंटे होत. नाशिकहून आलेल्या या माणसांना तिकडे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.