पिंपरीचं पेनिसिलिन आणि त्यानंतर

पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागलं ते १९५५ साली. यंत्रं युनिसेफची, तांत्रिक मदत जागतिक आरोग्य संघटनेची आणि कारखाना सरकारचा: हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. पिंपरीकरांसाठी नुसतं ‘एच.ए.’. माझे वडील तिथे फर्मेंटेशनला होते. पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचं खाणं थोडं कमीजास्त झालं तर सावरता येतं, पण हवेतून परका जंतू टाकीत शिरला तर अख्खी बॅच ओतून द्यावी लागते, असं ते सांगत. काही जंतू पेनिसिलिन फोडणारं एन्झाइमच सोडतात. ते एन्झाइम अब्राहम आणि चेन यांनी ऑक्सफर्डमध्ये १९४० साली दाखवून दिलं होतं; तिथल्या एका पोलीस शिपायाला, म्हणजे पहिल्या रुग्णाला, पेनिसिलिन टोचलं गेलं ते १९४१ मध्ये. औषधाच्या आधी प्रतिकार हजर!

एच.ए.ने फक्त बाहेरून आलेलं औषध बनवलं असंही नाही. डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या जंतूपासून हॅमायसिन काढलं. ते बुरशीवरचं औषध, पण मातीतले जंतू चाळण्याची वाट तीच, जिने अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. हॅमायसिन देणाऱ्या जंतूचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. आमच्या गावाचं नाव शास्त्रात गेलं याचा वडिलांना फार अभिमान होता. मलाही आहे.

पुढे माती तीच तीच औषधं पुन्हा देऊ लागली. कंपन्या रसायनांच्या साठ्यांकडे वळल्या. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने १९९५ ते २००१ या काळात असे साठे सुमारे ७० वेळा चाळले; पाच धागे हाती लागले, औषध एकही नाही. याचं एक कारण म्हणजे ई. कोलायसारख्या जंतूंना दुहेरी आवरण असतं, शिवाय आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप.

तरीही सगळ्यात मोठा अडथळा मला पैशाचा वाटतो. नवं अँटिबायोटिक अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवायचं असतं, मग ते खपणार कसं? प्लॅझोमायसिनला अमेरिकेत जून २०१८ मध्ये परवानगी मिळाली. ते शोधणारी अकाओजेन कंपनी एप्रिल २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनने २०२२ पासून दोन अँटिबायोटिक्ससाठी ठरावीक वार्षिक रक्कम देणं सुरू केलं, वापर कितीही होवो. आपल्याकडे २०२४ मध्ये वॉकहार्टचं नाफिथ्रोमायसिन आलं, त्याला बायरॅक या सरकारी संस्थेचा हातभार होता. तो परवान्यापाशी थांबू नये. अशी औषधं कपाटात पडून राहिली, तरी सरकारने त्यांचे पैसे दरवर्षी मोजावेत.