परदेशातल्या रोजच्या जगण्याचे व्हिडिओ बघून इंग्रजी शब्द कसे शिकायचे? कुठले बघायचे, कसे बघायचे आणि कुठले शब्द फसवतात

मिरजगाव : नगर-सोलापूर महामार्गावरच्या या बाजारपेठेत इंग्रजी शब्द दिवसभर तोंडात असतात. मोटरीचा स्टार्टर, ड्रीपचा व्हॉल्व्ह, दुधाचं फॅट, गाडीचं पंक्चर, मोबाईलचा रिचार्ज. हे बोलताना कुणी अडखळत नाही. पण त्याच माणसाला पुण्याच्या कंपनीत 'टेल मी अबाउट युवर डे' म्हणजे 'तुमचा दिवस कसा जातो ते सांगा' असं विचारलं, की गाडी अडते. सकाळी उठणं, आंघोळ, स्वयंपाक, बाजार या साध्या गोष्टींचे शब्दच सापडत नाहीत.

राज्यात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. त्याआधीच्या पिढीची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. दोन्ही पिढ्यांनी धडे वाचले, प्रश्नोत्तरं लिहिली. घरातल्या कामांचे शब्द मात्र मागेच राहिले. ही उणीव परदेशातल्या रोजच्या जगण्याचे व्हिडिओ भरून काढू शकतात. अट एकच, नुसतं बघत बसायचं नाही.

किती शब्द लागतात?

वाटतात तितके लागत नाहीत. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओने १९५९ साली इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सोप्या इंग्रजीतला कार्यक्रम सुरू केला. छोटी वाक्यं, सावकाश बोलणं आणि साधारण दीड हजार शब्द. तेवढ्यात जगभरच्या बातम्या सांगितल्या जायच्या. रोज ५ शब्द पक्के केले, तर ३०० दिवसांत दीड हजार होतात.

कुठले व्हिडिओ निवडायचे?

१) परदेशातल्या मराठी कुटुंबांचे : अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातली मराठी माणसं आपलं घर, दुकान, मुलांची शाळा दाखवतात. सगळं मराठीत असल्याने अर्थ लगेच कळतो. सुरुवात इथून करावी. पण यात वाक्य मराठी असतं आणि मधला एखादाच शब्द इंग्रजी, त्यामुळे इथेच थांबू नये.

२) तिथल्याच माणसांचे : स्वयंपाक, घराची साफसफाई, किराणा खरेदी, गोठा आणि शेती यांचे व्हिडिओ. हातात वस्तू आणि तोंडात तिचं नाव, त्यामुळे शब्दकोश उघडावा लागत नाही. दुधाचा धंदा करणाऱ्याने डेअरी फार्मचा व्हिडिओ बघावा. ओळखीचं काम असलं की न कळलेला शब्दही अंदाजाने कळतो.

३) शिकवण्यासाठीच बनवलेले : 'बीबीसी'ने रेडिओवरून इंग्रजी शिकवणं १९४३ मध्ये सुरू केलं. आज 'बीबीसी लर्निंग इंग्लिश'चे छोटे व्हिडिओ फुकट बघता येतात.

बघायची पद्धत

व्हिडिओ अर्ध्या तासाचा असला, तरी त्यातली तीनच मिनिटं घ्यायची.

- पहिल्यांदा नुसतं बघा. काय चाललंय एवढं कळलं तरी पुरे.
- दुसऱ्यांदा सेटिंगमध्ये जाऊन वेग ०.७५ करा आणि इंग्रजी सबटायटल लावा. आपोआप येणारी सबटायटल कधीकधी चुकतात, म्हणून कानावरही भरवसा ठेवा.
- पाच शब्द वहीत लिहा. शब्द एकटा न लिहिता वाक्यासकट लिहा. 'रिन्स' म्हणजे विसळणे, एवढ्याने भागत नाही. 'रिन्स द राइस' असं लिहिलं की तांदूळ धुताना तो आठवतो.
- तिसऱ्यांदा व्हिडिओ थांबवत त्या माणसामागे मोठ्याने म्हणा.
- शेवटी सर्चमधलं माईकचं चिन्ह दाबून तोच शब्द बोला. स्क्रीनवर बरोबर उमटला तर उच्चार जवळपास जमला. ही परीक्षा घ्यायला मास्तर लागत नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरतं. म्हणून तेच पाच शब्द दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा म्हणावेत. नेट वाचवायचं असेल तर व्हिडिओ ३६०पी वर बघावा.

स्वयंपाकघरापासून सुरुवात

चिरणे म्हणजे चॉप, सोलणे पील, किसणे ग्रेट, ढवळणे स्टर. कणीक मळणे म्हणजे नीड, याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला के असतो पण तो बोलत नाहीत. लाटणं म्हणजे रोलिंग पिन, गाळणी स्ट्रेनर, किसणी ग्रेटर, चिमटा टाँग्ज. पावतीला रिसीट म्हणतात, त्यातला पी मुका आहे.

हे शब्द फसवतात

आपल्याकडे रुळलेल्या काही इंग्रजी शब्दांचा अर्थ बाहेर वेगळा होतो.

- हॉटेल : आपल्याकडे चहा-मिसळीचं ठिकाण. तिकडे मुक्कामाचं ठिकाण. जेवायला जातात ते रेस्टॉरंट.
- मेडिकल : औषधांचं दुकान म्हणजे फार्मसी. इंग्लंडमध्ये केमिस्टही म्हणतात.
- ट्रॉली : आपली ट्रॅक्टरमागची. इंग्लंडमध्ये दुकानातली सामान ढकलायची गाडी. ट्रॅक्टरमागचा तो ट्रेलर.
- पार्सल : जेवण बांधून घ्यायचं तर इंग्लंडमध्ये टेकअवे, अमेरिकेत टू गो.
- पास आउट : आपल्याकडे पदवी मिळाली. तिकडे बहुतेक ठिकाणी बेशुद्ध पडला. मुलाखतीत 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणावं.
- लेडीज फिंगर, ब्रिंजल : भेंडीला ओक्रा म्हणतात. वांग्याला अमेरिकेत एगप्लांट, इंग्लंडमध्ये ओबर्जीन.

देश बदलला की शब्द बदलतो

नळाला इंग्लंडमध्ये टॅप, अमेरिकेत फॉसेट. पेट्रोलला अमेरिकेत गॅस. कोथिंबीर इंग्लंडमध्ये कोरिअँडर, अमेरिकेत सिलँट्रो. इंग्लंडमध्ये चिप्स म्हणजे तळलेले बटाट्याचे गरम तुकडे, अमेरिकेत आपले वेफर्स. दोन्ही बरोबरच आहेत, पण पहिले सहा महिने एकाच देशाचे व्हिडिओ बघितले तर घोळ होत नाही.

जर्मनीतल्या मराठी लोकांचे व्हिडिओही बरेच बघितले जातात. तिथे दुकानाच्या पाट्या आणि कामावरचं बोलणं जर्मन भाषेत असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने कुशल मनुष्यबळासाठी जर्मनीच्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी करार केला. त्या वाटेने जायचं असेल तर जर्मन शिकावी लागते, नुसत्या इंग्रजीवर भागत नाही.

मराठवाड्यातल्या शाळेचा धडा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायची? बहुतेकांनी जपानी निवडली. गावात जपानी येणारं कुणी नव्हतं. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची साधनं वापरून सुरुवात केली, पुढे एका जाणकाराने ऑनलाइन तास घेतले. मुलं एकमेकांशी जपानीत बोलू लागली. व्हिडिओने दार उघडलं, पण भाषा आली ती एकमेकांशी बोलल्याने. घरात नवरा-बायको, भाऊ-बहीण, आई-मुलगी अशी जोडी जमवून रोज पाच मिनिटं बोललं तरी खूप झालं.

एक सावधगिरी

असे व्हिडिओ बघताना 'परदेशात पक्की नोकरी, भाषेची गरज नाही' अशा जाहिरातीही समोर येतात. व्हिडिओखालच्या नंबरवर पैसे पाठवू नयेत. परदेशी नोकरी देणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आधी तपासावं.

सुरुवात कधी?

पुढच्या आठवडे बाजारात पिशवी भरताना प्रत्येक भाजीचं नाव मनात इंग्रजीत म्हणून बघा. काकडी क्युकम्बर, मेथी फेनुग्रीक, लसूण गार्लिक. जिथे अडेल, तो त्या रात्रीच्या वहीतला पहिला शब्द.