ओळखीच्या चिठ्ठ्या

मार्च १८४२ मध्ये व्हिएन्नाहून डॅन्यूब नदीमार्गे निघालेल्या एका बोटीत ४४ वर्षांची एक बाई एकटी चढली. कॉन्स्टँटिनोपलला मैत्रिणीकडे जाऊन येते, असे तिने घरच्यांना सांगितले होते. प्रत्यक्षात तिला जेरुसलेम गाठायचे होते. खरे सांगितले असते तर कोणी निघूच दिले नसते. तिने मृत्युपत्र करून ठेवले होते, जवळ अनेक वर्षांची काटकसरीने साठवलेली पुंजी होती, आणि वाटेवर ओळखीचे जवळजवळ कोणीही नव्हते.

इडा फायफर हे तिचे नाव. पुढच्या १६ वर्षांत तिने दोनदा जगप्रदक्षिणा केली. तिच्याविषयी लिहिताना बहुधा तिच्या धाडसाचे वर्णन होते, आणि ते खोटे नाही. पण पैसा बेताचा, वय उतरणीला लागलेले, बहुतेक मुलखांची भाषा अवगत नाही, अशा बाईला नुसते धाडस फार दूर नेत नाही. ती पुढे गेली ती परक्यांच्या मदतीवर. ही मदत कशी मागायची, कोणाकडे आणि किती मागायची, हे ती घराबाहेर पडल्यावर शिकली. तिच्या प्रवासवर्णनांत धाडसाच्या आडून या शिक्षणाचा इतिहासही वाचायला मिळतो.

तिचा जन्म १७९७ चा, घर व्हिएन्नातल्या कापड कारखानदाराचे. लहानपणी ती भावांबरोबर, मुलाच्या वेषात वाढली. वडील वारल्यावर आईने तिला झगे घालायला लावले. १८२० मध्ये तिचे लग्न तिच्याहून २४ वर्षांनी मोठ्या असलेल्या एका विधुर वकिलाशी झाले. अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार उघडकीला आणल्यामुळे पतीचा कामधंदा बसला आणि घरात दारिद्र्य आले. संगीताच्या आणि चित्रकलेच्या शिकवण्या करून तिने दोन मुले वाढवली. अशा घरात मदत मागणे म्हणजे अब्रू जाणे. मुले मार्गी लागली तेव्हा कुठे लहानपणापासून मनात असलेला प्रवास शक्य झाला.

पहिला धडा तिला कॉन्स्टँटिनोपललाच मिळाला. पुढे जायचे तर पुरुषाच्या वेषात जा, असा सल्ला तिथल्या लोकांनी दिला. तिने तो मानला नाही. आपली ठेंगणी, किरकोळ अंगकाठी पोराची वाटेल आणि चेहरा म्हाताऱ्याचा, असे तिचे म्हणणे होते. पुढे हेच वय तिच्या कामी आले. तरुण स्त्री एकटी दिसली की माणसे संशय घेत. वयस्क बाई दिसली की निदान काय हवे ते विचारत. ते वय तिने लपवले नाही.

मागणे लगेच जमले असे मात्र नाही. १८४५ मध्ये ती आइसलँडला गेली आणि तिथल्या लोकांवर रागावून परतली. आपण श्रीमंत आहोत की नाही एवढेच लोक विचारतात, आतिथ्य कोणी करत नाही, अशी तिची तक्रार होती. हे वर्णन आज वाचताना जाणवते की तिला आतिथ्य न मागता मिळायला हवे होते, आणि मिळाले नाही तेव्हा दोष समोरच्याचा ठरला. मदत हा आपला हक्क समजणारा प्रवासी पुष्कळदा असा चिडतो.

१८४६ मध्ये निघालेल्या पहिल्या जगप्रदक्षिणेत तिचा व्यवहार अधिक सफाईचा दिसतो. ब्राझील, ताहिती, चीन, श्रीलंका करत १८४७ च्या अखेरीस ती कोलकात्याला उतरली आणि तिथून बनारस, आग्रा, दिल्ली करत पुढे निघाली. तिचे साधन होते ओळखीची चिठ्ठी. एका गावचा माणूस पुढच्या गावच्या माणसाला लिहून देई आणि तेवढ्यावर रात्रीचा निवारा आणि पुढची वाट मिळे. दिल्लीत तिला आलोइस श्प्रेंगर भेटले. हे अरबीचे विद्वान, दिल्ली कॉलेजचे प्राचार्य आणि मूळचे ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताचे. त्यांचा आधार घेऊन ती बैलगाडीने दक्षिणेकडे वळली आणि कोटा, इंदूर, अजिंठा, वेरूळ, औरंगाबाद या वाटेने मुंबईला पोचली. सामानात पाण्याची कातडी पिशवी, एक लहान भांडे, मीठ, पाव आणि तांदूळ. जे स्वतःला वाहून नेता येते ते कोणाकडे मागायचे नाही, हा तिचा हिशेब होता.

त्याच वाटांवर तेव्हा काशीयात्रेला निघालेली कितीतरी वृद्ध माणसे चालत होती. संसार उरकल्यावर, परत येऊ की नाही याचा भरवसा नसताना काशीला निघणे ही आपल्याकडची जुनी रीत. त्यांच्यासाठी धर्मशाळा होत्या, अन्नछत्रे होती. अहिल्याबाई होळकरांनी १८ व्या शतकात दूरदूरच्या क्षेत्री बांधलेले घाट होते. काशीत उतरल्यावर गाव आणि कूळ सांगितले की पंड्याच्या वहीत पूर्वजांची नावे सापडत. मराठीत देवाजवळ मागणे मागतात, मुलीला मागणी घालतात आणि भीकही मागतात; शब्दाचे मूळ एकच. यात्रेकरूचे मागणे भीक ठरत नसे, कारण देणाऱ्यालाही त्यात पुण्य होते. चिठ्ठी आणि पंड्याची वही यांचे काम एकच: हा माणूस कोणाचा तरी आहे, याची खात्री देणे.

चिठ्ठी संपते तिथे काय करायचे? हा प्रश्न तिला मुंबईनंतर पडला. एप्रिल १८४८ मध्ये ती मुंबईहून जहाजाने बसऱ्याला गेली, तिथून बगदाद आणि मोसुल. मोसुलहून पुढची वाट तांड्याबरोबरची आणि जिवाला धोक्याची. तिने आपली टिपणे मोसुलहूनच घरी पाठवून दिली आणि खाणाखुणांवर भिस्त ठेवून निघाली. तब्रिझमधल्या इंग्रज वकिलातीत ती पोचली तेव्हा भाषा न येणारी एकटी बाई इथवर आली कशी, याचे तिथल्या अधिकाऱ्याला नवल वाटले.

दुसऱ्या प्रदक्षिणेत, १८५२ मध्ये, ती सुमात्रातल्या बटक लोकांच्या मुलखात शिरली. १८३४ मध्ये तिथे दोन अमेरिकन मिशनरी मारले गेले होते, हे सर्वांना ठाऊक होते. भालेवाल्यांनी वाट अडवली, गळ्यावरून हात फिरवून आता काय होणार ते दाखवले. तिने एक वाक्य आधीच त्यांच्या भाषेत पाठ करून ठेवले होते. माझ्यासारख्या म्हातारीला मारून काय खाणार, मांस अगदी चिवट असेल, अशा अर्थाचे. तिच्या मोडक्यातोडक्या उच्चारांना ते हसले आणि वाट मोकळी झाली. इथे ना चिठ्ठी होती, ना साम्राज्याचा दरारा. समोरच्याच्या भाषेत, स्वतःची थोडी थट्टा करत तिने मागणे मांडले होते. अर्थात याच्या जोरावर ती काही अंतरच पुढे गेली. शेवटी तिला परतावे लागले.

पण तिच्या यशाची एक बाजू तिच्या पुस्तकांत पुसट आहे. चिठ्ठ्या लिहिणारे बहुतेक युरोपीय अधिकारी, व्यापारी आणि मिशनरी होते. त्यांची नावे आदराने येतात. गाडीवान, हमाल, वल्हेकरी, रात्री ओसरीवर जागा देणाऱ्या बायका यांची नावे क्वचित येतात, आणि त्यांच्याविषयीचे तिचे शेरे पुष्कळदा तुच्छतेचे असतात. प्रत्यक्षात तिचा जीव सर्वाधिक वेळा याच लोकांच्या हाती होता. कोणाकडे मागितले हे आठवते, कोणी दिले हे विसरते, असा हा प्रकार.

शेवटी मदतीनेच तिचा घात केला. १८५७ मध्ये ती लांबेर या फ्रेंच व्यापाऱ्याच्या आमंत्रणावरून मादागास्करला गेली. परकीयांना सहसा न मिळणारा प्रवेश त्याच्या ओळखीने मिळाला. राणी रानावालोनाला पदच्युत करण्याचा कट हाच माणूस रचतो आहे, हे तिला राजधानीत पोचल्यावर कळले. कट फुटला, राणीने सर्वांना हाकलून दिले. थोड्या दिवसांची वाट पहाऱ्यात, तापाच्या दलदलीतून ५३ दिवस चालवली गेली. तिथे जडलेल्या तापातून ती पुन्हा उठली नाही. २७ ऑक्टोबर १८५८ रोजी व्हिएन्नात वारली.

मदत घेताना माणूस देणाऱ्याच्या भांडणातही ओढला जातो, हा धडा तिला सर्वांत उशिरा मिळाला. काशीचा यात्रेकरू ज्या व्यवस्थेकडे मागत होता ती त्याच्या आधीची आणि त्याच्या नंतरही राहणारी होती. फायफरला मात्र दर मुक्कामी माणूस नव्याने पारखावा लागला. बहुतेक वेळा तिची पारख बरोबर ठरली. आज उतारवयात एकट्याने घराबाहेर पडणाऱ्यालाही परक्या स्टेशनावर हेच करावे लागते: कोणाला विचारावे हे चेहऱ्यावरून ठरवायचे, जमेल तितके त्याच्या भाषेत विचारायचे, आणि उत्तर देणाऱ्याचे नाव विचारून ठेवायचे. यातली शेवटची गोष्ट फायफरला फारशी जमली नाही.