यकृत प्रत्यारोपणानंतर औषधांचे गणित बदलते

जबलपूर : येथील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयातील एका मेंदूमृत दात्याचे हृदय भोपाळला आणि यकृत इंदूरला जानेवारी 2025 मध्ये हवाईमार्गे पाठविण्यात आले होते. अशा प्रसंगी चर्चा होते ती ग्रीन कॉरिडॉरची. यकृताबरोबर दात्याची औषधे पचविण्याची जनुकीय घडणही रुग्णाच्या शरीरात येते, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून बहुतेक रुग्णांना टॅक्रोलिमस दिले जाते. जपानमधील सुकुबा परिसराच्या मातीतील जिवाणूपासून 1984 मध्ये हे औषध मिळाले. सायटोक्रोम पी-450 समूहातील ‘3ए4’ आणि ‘3ए5’ ही विकरे त्याचे विघटन करतात. ‘3ए5’ काहींच्या शरीरात क्रियाशील असते, तर काहींमध्ये जवळपास नसतेच. दात्याच्या यकृतात ते क्रियाशील असल्यास रुग्णाला अधिक मात्रा लागू शकते. गुंतागुंत अशी की, हीच विकरे आतड्यातही असतात आणि आतडे रुग्णाचे स्वतःचेच राहते. परिणामी एकाच गोळीवर दोन व्यक्तींच्या जनुकांचा अंमल चालतो. पातळी घटल्यास यकृत नाकारले जाण्याचा धोका असतो. वाढल्यास मूत्रपिंडांना इजा, हातांना कंप किंवा मधुमेह उद्भवू शकतो.

भारतात बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन होतात. हा भाग वाढेपर्यंत त्याची विघटनक्षमता मर्यादित असल्याने सुरुवातीची मात्रा जपून ठरवावी लागते. सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त तपासून पातळी पाहिली जाते.

खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन विकरांचा वेग इतका वाढविते की, टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने कोसळते. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. फेनिटॉइन व कार्बामाझेपिन या अपस्मारावरील औषधांचा परिणामही तसाच. उलट फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन आणि ग्रेपफ्रूट किंवा पपनस पातळी वाढवितात. अतिसारातही ती वाढते, हे अनेकांना अनपेक्षित वाटते. त्यामुळे साध्या तापासाठी गावातील डॉक्टरांकडे जातानाही प्रत्यारोपणाची माहिती देणे आवश्यक असते. टॅक्रोलिमसची कंपनी बदलल्यासही रक्तातील पातळी पुन्हा मोजावी लागते.